शनिवारचे श्रोते

आषाढात लग्नाचे मुहूर्त संपले की पुण्याजवळच्या रिहे खोऱ्यातली लॉन्स एकदम ओस पडतात. कमानीवरची प्लॅस्टिकची फुलं पावसानं फिकटतात, जनरेटरवर ताडपत्री चढते, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत मालकांना वाट बघण्यावाचून काही काम उरत नाही. हेमलताबाईंच्या लॉनचंही तेच होतं. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच ते चालवत. भाताच्या खाचरांना लागून तिथं पत्र्याचं एक मोठं शेड होतं. तीन बाजूंनी उघडं, मागं विटांची भिंत. लग्नाच्या पंगती त्याच शेडमध्ये उठायच्या. त्या रिकाम्या शेडकडे बघून बघून कंटाळल्यावर एका श्रावणात त्यांनी दयानंदला फोन केला.

"सर, कॉलेजात असताना तुमची कॅसेट मी घासून संपवली होती," त्या म्हणाल्या. "अजून वाजवता का तुम्ही लोक?"

दयानंद अजून वाजवत होता. 'डांबर' हा त्यांचा बँड. मराठीत रॉक गाणारी पोरं म्हणून पुण्यानं आधी त्यांची भरपूर टिंगल केली होती, आणि मग त्यांच्या 'तिसरी पाळी' या गाण्यावर कॉलेजांची गॅदरिंगं नाचली होती. आता तिघंही साठीच्या पुढं गेले होते. निरंजन कमरेला पट्टा बांधून बेस गिटार वाजवायचा. दिग्विजयचा एक गुडघा बदललेला होता, पण ड्रम्सवर हात पूर्वीसारखाच पडायचा. दयानंद गायचा आणि गिटार वाजवायचा. कुणाची पन्नाशी, एखाद्या कंपनीचं स्नेहसंमेलन, अशी वर्षाकाठी दोन-तीन बोलावणी यायची. लोक 'तिसरी पाळी' ऐकायचे, टाळ्या वाजवायचे आणि जेवायला जायचे.

गाण्यावर पोट कधीच भरलं नव्हतं. दयानंदची सगळी नोकरी एका इंजिनांच्या कारखान्यात आवाज मोजण्यात गेली. कुठला आवाज कुठून येतो, कशावर आपटतो, कशात जिरतो, हे त्याला न बघता कळायचं. निवृत्त झाल्यावर त्यानं सूसला एका नव्या सोसायटीत अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. लग्न केलं नव्हतं. मजल्यावरची बाकीची बिऱ्हाडं सकाळीच हिंजवडीला कामावर जायची. लिफ्टमध्ये ती मंडळी त्याच्याकडे बघून मान हलवायची, पण त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. शुक्रवार उजाडेपर्यंत आपण या आठवड्यात कुणाशी काय बोललो हे आठवायला गेलं, तर त्याला फारसं काही आठवायचं नाही.

म्हणून हेमलताबाईंना त्यानं लगेच होकार दिला. दर शनिवारी दुपारी चारला सुरू करायचं आणि अंधार पडायच्या आत संपवायचं, असं ठरलं.

पहिल्या शनिवारी वीसेक माणसं आली. धबधबा बघून परतणारी आयटीतली पोरं, भिजलेल्या मोटारसायकली, मिसळीच्या प्लेटा. 'तिसरी पाळी'च्या वेळी एका पोरीनं मोबाईल वर धरून शूटिंग केलं. पाऊस पत्र्यावर असा वाजत होता की दिग्विजय म्हणाला, "आज आपल्यात दोन ड्रमर आहेत."

पुढं पावसाळी पर्यटक आटले. भादव्यात तर रस्त्यावर गाडी दिसेना. आजूबाजूच्या फार्महाउसांच्या फाटकांना कुलपं लागली. आता आपलं शेडही रिकामं राहणार, असं हेमलताबाईंनी धरूनच ठेवलं होतं. पण झालं उलटंच. तिघं तारा जोडायला वाकले आणि मान वर केली तेव्हा समोर शंभरएक माणसं उभी होती. पुढच्या शनिवारी त्याहून जास्त. त्यात म्हातारी होती, तरुण होती, एकदोन बायकांच्या कडेवर मुलंही होती. साधे, धुऊन विटलेले कपडे. रेटारेटी नाही, शिट्ट्या नाहीत. सगळी जुनी गाणी त्यांना पाठ होती. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला कोपऱ्यात पडलेली, खुद्द निरंजन विसरलेली गाणीसुद्धा.

"एकानंही मोबाईल वर केला नाही, बघितलंस?" परतताना दिग्विजय खूश होऊन म्हणाला. "याला म्हणतात श्रोते."

दयानंदही खूश होता. फार वर्षांनी त्याचा गळा मोकळा लागला होता. तरी गाडी चालवताना काहीतरी खुपत होतं. नांदे गाव ओलांडल्यावर ते काय आहे हे त्याच्या लक्षात आलं.

रिकाम्या शेडमध्ये आवाज घुमतो. पत्र्यावर, मागच्या भिंतीवर आपटून परत येतो. माणसं भरली की तो त्यांच्या अंगात, कपड्यांत जिरतो. हे दयानंदला शिकवायला नको होतं, तीस वर्षं त्यानं तेच केलं होतं. आज शेड गच्च भरलेलं होतं, आणि त्याचा आवाज रिकाम्या शेडमध्ये घुमावा तसा जसाच्या तसा परत येत होता.

ओल्या हवेचा परिणाम असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

पुढच्या शनिवारी तो लवकर पोचला. शेडच्या कडेला बायजा बसली होती. ती पलीकडच्या माळावर शेरडं-मेंढरं चारायची आणि पाऊस आला की जनावरं घेऊन आडोशाला यायची. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात काठी.

"तुमची मानसं लई गुणी हायेत, बाबा," ती म्हणाली.

"का हो?"

"शेरडं बुजत न्हाईत त्यास्नी. मागल्या खेपंला मी हितंच व्हते. गर्दी ही एवढी, आन् माजी शेरडं त्यातनं चरत चरत पार पल्याड गेली. कुनाच्या पायाला लागली न्हाईत, कुनी हाड म्हनलं न्हाई." तिनं काठी मांडीवर आडवी घेतली. "मानसांत शेरडं अशी चालत न्हाईत. मोकळ्या माळावं चालत्यात तशी."

"तुम्हाला गाणी आवडतात का?" दयानंदनं उगाच विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं," असं म्हणून ती उठली, आणि पाऊस पडत असतानाच जनावरं हाकत माळाकडे निघून गेली.

हेमलताबाईंनी चहाचं मोठं पातेलं चढवलं होतं. त्या दिवशी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, पण चहा जसाच्या तसा राहिला. दयानंदनं त्यांना विचारलं, ही मंडळी येतात तरी कुठून? आवारात गाडी तर आपली एकच असते.

"मी विचारलं होतं एका बाईंना," हेमलताबाई पातेल्यावर झाकण ठेवत म्हणाल्या. "'सरांच्या जवळच राहतो' म्हणाल्या. मला वाटलं, तुमच्या ओळखीचे असतील."

"माझ्या ओळखीचं सूसला कुणी नाही."

तेव्हापासून गाणी सुरू झाली की हेमलताबाई शेडपाशी थांबेनाशा झाल्या. ऑफिसच्या खोलीत दिवा लावून बसायच्या.

त्याच आठवड्यात दयानंदनं एक गाणं केलं. वीस वर्षांत केलं नव्हतं. स्वयंपाकघरात भांडी विसळताना ओळी सुचल्या, आणि त्यानं त्या मनातल्या मनातच फिरवल्या. कागदावर उतरवल्या नाहीत, गिटारही हातात घेतली नाही.

सकाळचा पहिला शब्द
दुपारी निघतो तोंडातून
तोही इतकाच, पिशवी नको

शनिवारी दोन गाण्यांच्या मधे निरंजनच्या बेसची एक तार उतरली, ती जुळवेपर्यंत जरा वेळ गेला. शेडमध्ये शांतता होती. त्या शांततेत पुढच्या रांगेतून कुणीतरी गुणगुणू लागलं. मग त्याच्या शेजारचा, मग मागचे. हळू, तोंड मिटून. दयानंदच्या हातातली पाण्याची बाटली तशीच राहिली. भांडी विसळताना त्यानं केलेली चाल होती ती.

"हे कुठलं गाणं रे?" दिग्विजयनं मागून विचारलं. "आपलं आहे का?"

आपण नकळत माइकसमोर गुणगुणलो असू. दयानंदला दुसरं काही सुचलं नाही. आणि सुचलं नाही तेव्हा तो तेच करायला बसला जे आयुष्यभर करत आला होता. खात्री करून घ्यायला.

आठवड्यात त्यानं निरंजनच्या घरी दोघांना गाणं शिकवलं. दोनच कडवी झाली होती. तालीम चांगली झाली. निरंजनला त्या 'पिशवी नको'चं हसूही आलं आणि मग तो गप्प झाला, कारण त्याची बायको मुलाकडे परदेशी होती आणि त्याचंही हल्ली दुकानदाराशीच काय ते बोलणं व्हायचं. शनिवारी दयानंद मुद्दाम स्वतःच्या गाडीतून एकटा निघाला. घोटवडे मागं पडल्यावर, काचा बंद असताना, त्यानं एक शब्द बदलला. 'पिशवी'च्या जागी 'पावती'. मोठ्यानं उच्चारलाही नाही.

शेड भरलं होतं. बाहेर भुरभुर पाऊस होता, खाचरांवरून इंद्रायणी भाताच्या लोंब्यांचा वास येत होता. दयानंदनं नवं गाणं धरलं. पहिल्या ओळीपासून ते त्याच्याबरोबर गायला लागले. तिसऱ्या ओळीला त्यानं त्यांच्याकडे बघत 'पावती नको' म्हटलं, आणि त्या सगळ्यांनी त्याच क्षणी, एका तोंडानं, 'पावती नको' म्हटलं. 'पिशवी' फक्त निरंजनच्या तोंडून निघाली. माइकमधून ती एकटीच शेडभर घुमली.

निरंजननं गाणं वाजवून संपवलं. मग बेस खोक्यात ठेवला आणि पुढचं गाणं सुरू व्हायच्या आत गाडीत जाऊन बसला.

घोटवडे फाट्यावर एका चहाच्या टपरीपाशी तिघं थांबले. निरंजन गाडीतून उतरलाच नाही. दिग्विजय आणि दयानंद कप हातात धरून उभे राहिले.

"मी तुला आधीच सांगणार होतो," दिग्विजय म्हणाला. "त्यांच्या टाळ्या माझ्या ठोक्यावर पडत नाहीत, दया. आधी पडतात. केसभर आधी. गेले कितीतरी शनिवार मी ठेका देतच नाहीये. घेतोय."

दिग्विजयनं कपातला उरलेला चहा ओतून दिला.

"आता नाही जायचं तिकडं. मी हेमलताबाईंना कळवतो."

"मी जाईन."

"एकटा? तुला भीती नाही वाटत?"

"वाटते." दयानंदनं कप खाली ठेवला. "पण दिग्या, तुला घरी गेल्यावर कुणीतरी विचारतं ना, कसं झालं म्हणून? मला तिथं गेल्यावर विचारतात. मी गायला लागलो की त्यांच्या डोळ्यांत दिसतं, माझीच वाट बघत होते."

दिग्विजयनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग तो गाडीकडे गेला. चाळीस वर्षांत 'डांबर' कधी मोडला नव्हता. त्या दिवशी कुणी तसं म्हटलं नाही, पण तो मोडला.

पुढच्या शनिवारी दयानंद साधी गिटार घेऊन एकटाच गेला. हेमलताबाईंनी फाटक उघडून दिलं.

"सर, आज राहू द्या," त्या म्हणाल्या. "मी खरंच सांगते. मला गर्दी हवी होती, ती झाली. आता पुरे."

"आजच्या दिवस," तो म्हणाला.

पाऊस थांबला होता. डोंगरावरून ढग उतरून खाचरांवर बसले होते. शेडमध्ये माणसं आधीच उभी होती, आणि यावेळी ती शेडच्या बाहेर, बांधांवर, पार ढगात दिसेनाशी होईपर्यंत पसरलेली होती. दयानंदनं माइक लावला नाही. लागणार नव्हताच. त्यानं एकही जुनं गाणं म्हटलं नाही. सरळ नवंच धरलं.

पहिलं कडवं झालं. दुसरं झालं.

पुढं त्यानं काही रचलेलं नव्हतं. त्यानं तारांवर तळवा ठेवला आणि थांबला.

ते थांबले नाहीत.

त्याच चालीत, हळू, कसलीही घाई न करता, ते तिसरं कडवं गाऊ लागले.

कधी संध्याकाळी खुर्ची ओढतो
बसा ना, म्हणतो, समोर कुणी नाही
आम्ही बसतो

मागच्या पावसाळ्यात दयानंदला ताप आला होता. पाच-सहा दिवस कुणी फिरकलं नव्हतं. तापात एका संध्याकाळी त्यानं जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली होती आणि म्हटलं होतं, बसा ना. बरं वाटलं होतं. ताप उतरल्यावरही ती सवय राहिली. दिग्विजयला त्यानं हे सांगितलं नव्हतं. लाज वाटली असती.

कडवं संपलं. टाळ्या नाहीत. सगळे त्याच्याकडे बघत उभे होते. पुढच्या रांगेत एक वयस्कर बाई होती, अंगावर खांद्यावरून ओढून घेतलेला पदर, चेहरा एखाद्या शेजारणीसारखा.

"कुठून येता तुम्ही?" दयानंदनं विचारलं. त्याचा आवाज शेडमध्ये घुमून परत आला.

बाईंनी शेजारच्या माणसाकडे बघितलं. यजमानच विसरला की पाहुणे बघतात तसं, थोडं संकोचून.

"इकडं यायला लांब पडतं हो आम्हाला," त्या म्हणाल्या. "पावसापाण्याचं. घरीच का नाही गात?"

त्यांचा आवाज मात्र घुमला नाही. म्हणाल्या आणि विरला.

दयानंदनं गिटार खांद्याला लावली आणि शेडमधून बाहेर पडला. वाट करून द्यायला कुणाला सरकावं लागलं नाही. ऑफिसच्या दारात हेमलताबाई उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले, आणि त्यानंही. मागं वळून बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, पण फाटकापाशी त्याची मान वळलीच. शेड रिकामं होतं. नुसत्या बायजाच्या दोन शेळ्या आडोशाला येऊन उभ्या होत्या.

सूसच्या रस्त्यावर शनिवार संध्याकाळच्या गाड्यांची नेहमीची रांग होती. दोन्ही बाजूंना दिवे लागलेले. त्या गर्दीत अडकल्यावर दयानंदला जरा हुशारी आली. उद्या दिग्विजयकडे जायचं, त्यानं ठरवलं. चार दिवस त्याच्याकडेच राहायचं. सगळं सांगायचं, खुर्चीचंसुद्धा. लाज वाटली तर वाटली.

सोसायटीच्या वॉचमननं त्याच्या गिटारीकडे बघून सलाम केला.

लिफ्टमध्ये तो एकटाच होता. अकराव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये शेजारच्यांच्या दारामागून कुकरची शिट्टी आली, कुणाचा तरी टीव्ही चालू होता. रोजचेच आवाज. त्यात आणखी एक होता.

दयानंद स्वतःच्या दारापुढं थांबला.

आतून कुजबुज येत होती. खूप माणसांची, दबक्या आवाजातली. कुणीतरी खुर्ची पुढं ओढली. कुणीतरी कुणाला जागा करून दिली. लहान मुलाला कुणीतरी गप्प केलं.

आवाज मोजणाऱ्या माणसाच्या ध्यानात आपोआप आलं, की इथं काहीच घुमत नाहीये. तीन खोल्यांचं ते मोकळं घर सगळा आवाज जिरवत होतं. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत माणसं भरली असावीत, तसं.

किती वेळ तो तसाच उभा होता ते त्याला कळलं नाही. खाली जाता आलं असतं. लिफ्ट अजून त्याच मजल्यावर होती.

त्यानं किल्ली कुलुपात घातली.

आतली कुजबुज थांबली. कुणालातरी खोकला आला, आणि त्यानं तो दाबला.